समुपदेशकाला रेस्ट गिव्हर कोण देणार?

एप्रिल संपत आला की शाळाशाळांतून एक वाक्य ऐकू येतं. निकालपत्रकांचे गठ्ठे बांधून झालेले असतात, स्टाफरूममध्ये उसाचा रस मागवलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "मॅडम, आता मस्त आराम करा. जूनमध्ये एकदम फ्रेश होऊन या!"

म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. तरीही हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. का जातं, ते आज सविस्तर लिहायचं ठरवलंय. थोडं कडू होईल. सांभाळून घ्या.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. कुर्डुवाडीत राहते, आणि इथल्या व आसपासच्या शाळांमध्ये वार ठरवून जाते. 'स्कूल सायकॉलॉजिस्ट' असं भारदस्त नाव सांगितलं तर लोक त्यातलं 'सायको' एवढंच ऐकतात. म्हणून मी समुपदेशक म्हणते. पालक विचारतात, "पण मॅडम, तुमचा विषय कुठला?" मुलांनी मात्र माझं नाव कधीच ठरवून टाकलंय, बोलायच्या बाई. या बाईंशी बोलायचं असतं आणि त्या मारत नाहीत, एवढी माहिती त्यांना पुरते.

तर या बोलायच्या बाईंना उन्हाळ्यात दीड महिना सुट्टी. शेजारच्या काकू म्हणतात, "तुमची काय बाई मज्जाय!" नातेवाईक लग्नाच्या याद्या आमच्याकडून करून घेतात, कारण 'तुला काय, सुट्टीच आहे'. आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगतात की शिक्षकांनी आणि समुपदेशकांनी सुट्टीत स्वतःची काळजी घ्यावी. योगासनं करावीत, छंद जोपासावा, मोबाईल बाजूला ठेवावा, निसर्गात जावं. कुर्डुवाडीच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, निसर्गात जाऊन बघा एकदा. असो.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेतल्या समुपदेशकाचं करपणं (ज्याला हल्ली सगळे बर्नआउट म्हणतात) हा तिच्या छंदांचा किंवा शिस्तीचा प्रश्न नाही. सुट्टी सुरू होते तेव्हा तिचा चार्ज घ्यायला दुसरं कुणी नसतं, हा खरा प्रश्न आहे. शाळा बंद होते, पण काम चालूच राहतं. ते फक्त शाळेच्या हजेरीपुस्तकातून बाहेर पडून तिच्या खासगी मोबाईलमध्ये जातं. वर तिलाच सांगायचं की फ्रेश होऊन ये!

आता मे महिन्यात काय काय होतं ते बघा.

सगळ्यात आधी निकाल. २०२५ साली राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि दहावीचा १३ मे रोजी. दोन्ही दिवशी शाळांना कुलूप. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेच्या ताणासाठी मंडळ समुपदेशकांचे मोबाईल क्रमांक जाहीर करतं, शाळेत बाई असतात, वर्गशिक्षक असतात, मित्र असतात. निकालाच्या दुपारी मात्र मूल घरात एकटं असतं. भोवती पाहुणे, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, किती पडले?

मग प्रवेश. २०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. पूर्वी आपल्याकडे कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा. आता पसंतीक्रम भरायचा, आणि 'पसंती' म्हटलं की बाप एकीकडे आणि पोरगी दुसरीकडे. तिला कला शाखा हवी असते, घरात डॉक्टरचं स्वप्न असतं. हे भांडण माझ्या फोनवर येतं. बहुतेक वेळा रात्री नऊनंतर, बाप कामावरून आल्यावर.

तिसरी गोष्ट लातूरची. कुर्डुवाडीवरून लातूरला रेल्वे जाते आणि त्या गाडीत 'लातूर पॅटर्न'च्या शोधात निघालेली आमची मुलंही असतात. नीटची परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात होते (२०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे). ती झाली की मुलं घरी परततात. कुणी दुसऱ्यांदा दिलेली, कुणी तिसऱ्यांदा. ही मुलं आता कुठल्याच शाळेच्या पटावर नसतात. क्लासचं वर्ष संपलेलं, कॉलेजात फक्त नाव लावलेलं. मग ती कुणाला फोन करणार? आठवीत असताना जिच्याशी बोलली होती, तिलाच.

चौथी गोष्ट लग्नाची. मे महिना म्हणजे तिथींचा महिना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे दर पाचांत एक. शाळा चालू असताना एखादी मुलगी चार दिवस आली नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. मे महिन्यात सगळ्याच मुली 'आलेल्या नसतात'. हळद लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. मग तिची मैत्रीण आईच्या फोनवरून दबक्या आवाजात सांगते, "बाई, तिचं उद्या हाय." हा फोन आल्यावर काय करायचं? ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकाला) कळवायचं, कारण गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. १०९८ ला कळवायचं. आणि मैत्रिणीचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. हे सगळं 'मोबाईल बाजूला ठेवून' कसं करायचं, ते त्या पुरवणीवाल्यांनी मला सांगावं.

पाचवी गोष्ट बोलायला सगळ्यात जड. काही मुलांसाठी शाळा म्हणजे घरातून सुटका असते. बाप पिऊन येतो, किंवा घरातलंच कुणी नको तिथे हात लावतं. शाळेचे सहा-सात तास तेवढे सुरक्षित. सुट्टी लागली की तेही गेले. बाकीची मुलं सुट्टीचे दिवस मोजत आनंदात असतात आणि हे एखादं मूल एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उगाचच माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळत राहतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायद्यात 'सुट्टी वगळून' असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि आमच्या भागातली आणखी एक गोष्ट, जी शाळेच्या कॅलेंडरमध्ये बसतच नाही. माढा तालुका म्हणजे ऊस आणि साखर कारखाने. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या येतात, सोबत मुलं येतात. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपला की जातात. त्या मुलांचा विश्वास बसायला तीन-चार महिने लागतात, आणि बसला रे बसला की ट्रक निघतो. त्यांच्याकडून फोनही येत नाही. तो न आलेला फोनही डोक्यात वाजत राहतो.

ही झाली 'सुट्टी'.

आता करपणं म्हणजे काय ते जरा बघू. कारण हल्ली कुणीही थकलं की म्हणतो, मला बर्नआउट झालंय. हा शब्द या अर्थाने शास्त्रीय लेखनात रूढ केला तो न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून तो संध्याकाळी गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात जायचा. तिथली ध्येयवेडी तरुण मंडळी एकेक करून कशी विझत गेली ते त्याने पाहिलं, स्वतःच्या बाबतीतही अनुभवलं. लक्षात घ्या, हा शब्द बँकेतल्या किंवा शेअरबाजारातल्या लोकांसाठी जन्मला नाही. दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या, कमी पैशात किंवा बिनपैशात काम करणाऱ्या लोकांसाठी तो जन्मला.

पुढे क्रिस्टीना मास्लॅक या बाईंनी त्याचं मोजमाप करण्याची पद्धत तयार केली (१९८१). त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, आतून रिकामं होणं. दुसरी, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं. तिसरी, आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण आमच्या कामात सर्वात घातक. मूल समोर रडतंय आणि आपण मनात म्हणतोय, चला, आज तिसरं. थकलेली समुपदेशक बसून तरी राहते. पण कोरडी झालेली समुपदेशक मुलाला आणखी दुखावते, कारण तिला भेटून मूल शिकतं की बोलून काही उपयोग नाही. ते मूल पुन्हा कुणाकडे जात नाही. म्हणून हा केवळ आमच्या तब्येतीचा विषय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (ते २०२२ पासून लागू आहे) बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. त्याची नोंद कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न सावरलेल्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून केली आहे. कामाच्या ठिकाणच्या! म्हणजे भाजी करपली तर आपण भाजीला उपदेश करत नाही, गॅस कुणी मोठा ठेवला ते बघतो. आमच्या बाबतीत मात्र भाजीलाच व्याख्यान दिलं जातं, की बाई गं, तू जरा पॉझिटिव्ह राहा.

बरं, समजा खरोखरची सुट्टी मिळाली. फोन नाही, काही नाही. मग? मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या इस्रायली संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७६ कारकुनांचा बर्नआउट त्यांनी सुट्टीच्या आधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मोजला. सुट्टीत तो उतरला, अगदी छान उतरला. कामावर परतल्यावर तीन दिवसांत थोडा वर चढला, आणि तीन आठवड्यांत पूर्वी होता तिथेच येऊन बसला. पुन्हा सांगते, ही कारकून मंडळी होती, मुलांचं रडणं ऐकणारी नव्हेत. म्हणजे खरी सुट्टी मिळाली तरी तिची पुण्याई तीन आठवडे. पंधरा जूनला शाळा भरली की जुलैच्या पहिल्या आठवड्यात खेळ खलास. मग आमच्या अर्ध्या-कच्च्या सुट्टीची काय कथा?

याचा अर्थ सुट्टी नको असा नाही. सुट्टी हवीच. पण सुट्टीच्या भरवशावर उरलेले साडेदहा महिने वाटेल तेवढं ओझं टाकता येत नाही.

आणि ओझ्याची गोष्ट कुर्डुवाडीकरांना कुणी शिकवायला नको! आपलं गाव वाढलंच मुळी एका ओझ्याच्या नियमावर. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली ती इथून, या स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं. अडीच फुटी नॅरोगेज. ती बांधणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचा एक हट्ट होता, कुठल्याही डब्याच्या वा इंजिनाच्या एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. रूळ हलके होते. त्यांना झेपेल तेवढंच. मग जास्त ताकदीचं इंजिन हवं होतं तेव्हा त्याने काय केलं? रुळांना 'मन खंबीर करा' असं सांगितलं नाही. इंजिनाला जास्त चाकं दिली आणि वजन जास्त आसांवर वाटून टाकलं. त्या हिशोबावर ती छोटी गाडी कित्येक दशकं माल आणि माणसं ओढत राहिली, पंढरीच्या वारकऱ्यांसकट.

एका आसावर किती भार? हा प्रश्न रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला. शाळांनी अजून विचारलेला नाही. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, ५०० मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ. तिथल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक. आपल्याकडे संचमान्यतेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांचा हिशोब असतो. समुपदेशकाचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. जिथे बाई असतात तिथे त्या कंत्राटावर, किंवा मानधनावर, किंवा 'आठवड्यातून एकदा येऊन जा' अशा. काही ठिकाणी तर एखाद्या शिक्षिकेलाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन 'आजपासून तुम्ही समुपदेशक' असं सांगतात. आधीचा एकही तास कमी न करता!

रेल्वेचीच आणखी एक गोष्ट, जी या लेखाचं मूळ आहे. जंक्शनच्या गावात राहिलं की काही शब्द आपोआप कानावर पडतात. त्यातला एक म्हणजे 'रेस्ट गिव्हर'. स्टेशन मास्तरांची आठवड्याची सुट्टी असते तेव्हा त्यांच्या जागी ड्युटी करायला वेगळा माणूस नेमलेला असतो. त्याची पोस्टच ती, दुसऱ्याला विश्रांती देणारा. दीर्घ रजेसाठी 'लीव्ह रिझर्व्ह' वेगळे. ड्युटी संपली म्हणून मास्तर खुर्ची सोडून जात नाही. रिलीव्हर येतो, कुठली गाडी कुठे आहे ते समजून घेतो, वहीत सही होते, मग पहिला माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. गाडी तर थांबत नाहीच. रेल्वेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. ड्युटीच्या तासांवरून लोको पायलट किती वर्षं भांडतायत ते आपण पाहतोच. पण निदान तत्त्व मान्य आहे. विश्रांती ही मनाची अवस्था नसून दुसऱ्या माणसाची नेमणूक असते, हे रेल्वेला कळलेलं आहे.

शाळेला हे कळायला हवं. मला सुट्टीच्या शुभेच्छा नकोत, रेस्ट गिव्हर हवा.

इथे दोन बाजूंनी विरोध होतो. दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत.

पहिला विरोध संस्थाचालक आणि मुख्याध्यापक मंडळींचा. एका शाळेत मी लेखी विचारलं होतं, की सुट्टीत मुलांचे फोन मी घेणार असेन तर त्या दिवसांचं काय? उत्तर मिळालं, "मॅडम, हे सेवेचं क्षेत्र आहे. असा हिशोब करायचा नसतो." वा! पंख्याचा हिशोब होतो, खडूचा होतो, स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा होतो. फक्त बाईच्या झोपेचा होत नाही. खरं तर सरकारी नियमांना हा हिशोब चांगलाच ठाऊक आहे. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत दीर्घ सुट्टी असणाऱ्या खात्यांसाठी तत्त्व असं आहे, की सुट्टी उपभोगली तर त्या वर्षाची अर्जित रजा नाही, पण कामामुळे सुट्टी उपभोगता आली नाही तर त्या प्रमाणात अर्जित रजा मिळते. म्हणजे सुट्टीत काम केलं तर ते काम असतं, हे सरकारने लिहून ठेवलंय. मग रात्री साडेदहाला मुलाशी चाळीस मिनिटं बोलणं हे काम का नाही?

दुसरा विरोध आमच्याच बिरादरीतला. आणि हा मला जास्त टोचतो. "मी तर बाई रात्री दोनलाही फोन उचलते. माझी मुलं आहेत ती." हे अभिमानाने सांगणाऱ्या मैत्रिणींबद्दल मला प्रेम आहे. तरी स्पष्ट बोलते. हा अभिमान मुलांच्या जिवावरचा आहे. एखाद्या मुलीच्या डोक्यात आपण बसवून ठेवलं, की जगात फक्त या एकाच बाईंना माझं कळतं, तर तिची सगळी सुरक्षितता एका मोबाईलच्या बॅटरीवर टांगली. बाईंना टायफॉइड झाला तर? बाई भाच्याच्या लग्नाला कोकणात गेल्या आणि रेंज नसली तर? आपल्या कामाची पहिली कसोटी हीच, की मुलाला आपल्याशिवाय आणखी दोन-तीन दारं माहीत झाली का. न झोपता फोन उचलण्याला मी त्याग म्हणणार नाही. ती व्यवस्थेतली गळती आहे, आणि आपण आपला पदर लावून ती झाकतोय. झाकली जाते म्हणून कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी दुरुस्त करत नाही.

"मग काय मे महिन्यात मुलांना वाऱ्यावर सोडायचं?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडेही सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कारखान्याच्या किंवा कंपनीच्या कामाला ते ठीक. आमच्या कामात नुसता फोन बंद करून चालत नाही, कारण पलीकडे मूल आहे. मूल वाऱ्यावर सोडायचं नाही आणि बाईही जाळायची नाही, या दोन्ही अटी पाळायच्या तर उत्तर एकच निघतं. फोन चालू राहील, उचलणारी बदलेल.

आता कुणी म्हणेल, स्वप्नं बघताय. नाही हो. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. विद्यार्थी आणि समुपदेशक यांचं प्रमाण योग्य ठेवायचं. परीक्षेच्या आणि शैक्षणिक स्थित्यंतराच्या काळात मुलांच्या लहान गटांमागे खास माणूस द्यायचा. स्थित्यंतराचा काळ म्हणजे कुठला? निकाल ते नवा प्रवेश. म्हणजे मे आणि जून! ज्या काळात जास्त माणसं द्या असं न्यायालय म्हणतं, नेमक्या त्याच काळात शाळा एकाही माणसाचा पगार मोजायला तयार नसते. कंत्राट बहुधा एप्रिलअखेर संपतं आणि जूनमध्ये नव्याने सुरू होतं. फोन मात्र मधल्या काळातही कंत्राटाशिवाय चालू.

टीका करून थांबणं सोपं असतं, म्हणून करता येण्याजोग्या गोष्टीही सांगते. यातल्या कशालाही मंत्रालयात जावं लागत नाही.

एक, सिमकार्ड शाळेचं हवं. मुलांना दिलेला क्रमांक बाईंचा खासगी नको. तो ज्या दिवशी ज्याच्या हातात, त्या दिवशी ती व्यक्ती ड्युटीवर.

दोन, पाळी लावायची. कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी, मोडनिंब, बार्शी या टापूत काम करणाऱ्या चार जणी एकत्र आल्या तरी ४५ दिवसांच्या सुट्टीत प्रत्येकीच्या वाट्याला अकरा-बारा दिवस येतात. उरलेले तेहतीस दिवस खरी सुट्टी, मनात धाकधूक नसलेली. त्या अकरा दिवसांचं मानधन शाळांनी वर्गणी काढून द्यावं. एका शाळेच्या वाट्याला किती येईल? गॅदरिंगच्या डीजेपेक्षा कमीच.

तीन, चार्ज देणं-घेणं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नवीन केस उघडायची नाही. ज्या दहा-पंधरा मुलांवर लक्ष ठेवायला हवं त्यांची यादी करायची, मुलाला विचारून, गरजेपुरतंच लिहून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या बाईंची ओळख मुलाला आधी करून द्यायची. "मी पंचवीस मेपर्यंत नाही. या ताई आहेत. यांच्याशी बोललास तरी चालेल." मुलं हे समजून घेतात. न सांगता गायब झालेलं मोठं माणूस मात्र त्यांना सहन होत नाही.

चार, निकालपत्रकाच्या मागे तीन क्रमांक छापायचे. टेली-मानस १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मराठीतही), चाइल्डलाइन १०९८, आणि तातडीसाठी ११२. छपाईचा खर्च शून्य, कारण मागची बाजू कोरीच असते.

पाच, जूनचा पहिला आठवडा मोकळा. पहिल्याच दिवशी सहा वर्गांना 'मार्गदर्शनपर व्याख्यान' ठेवू नका. तीन आठवड्यांची पुण्याई तीन दिवसांत संपवायची घाई कशाला?

आणि सहावी, सगळ्यात अवघड. एका समुपदेशकाकडे एका वेळी किती मुलं, याचा आकडा ठरवायचा आणि तो भिंतीवर लावायचा. आकडा ओलांडला की दुसरा माणूस आणायचा किंवा पुढे पाठवायचं. कॅलथ्रॉपने रुळासाठी ठरवला तसा.

यावर "आधी शिक्षकच पुरेसे नाहीत, तुमचं काय घेऊन बसलात" असं ऐकायची माझी तयारी आहे. शिक्षक पुरेसे नाहीत हे खरंच. पण एका कमतरतेचं कारण सांगून दुसरी कमतरता पुण्यकर्म ठरत नाही.

तेव्हा ज्यांची मुलं शाळेत आहेत अशा वाचकांना एवढंच सुचवते. पालकसभेत फी, गणवेश, बसची वेळ विचारता, त्यासोबत हेही विचारा, की शाळेला कुलूप असताना माझ्या मुलाने कुणाला फोन करायचा? आणि मुख्याध्यापकांनी हसत एका बाईंचं नाव घेतलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा, त्यांच्यानंतर कोण? या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या उत्तरावर फार विसंबू नका.

मेच्या एखाद्या रणरणत्या दुपारी कुणा मुलीने धीर करून फोन लावला, तर तो उचलला गेला पाहिजे. आणि उचलणाऱ्या बाईची आदल्या रात्री झोप झालेली पाहिजे. एवढं मागणं काही फार नाही.